तेल लावून येऊ नका

"अक्काताई, आज परत तेल?"

अक्काताई मगदूम दारातच थांबल्या. एक हात चौकटीवर, दुसऱ्यात कापडी पिशवी. टाळूवर खोबरेल तेलाचं तळं साचलं होतं आणि त्यातला एक ओघळ कपाळावरून डाव्या भुवईपर्यंत आला होता.

"चुकलं बाई."

"मागच्या खेपेलाही चुकलंच होतं."

"सवय हाय न्हवं. लावल्याबिगर घराभाईर पडल्यागत वाटत न्हाई."

मी मोजपट्टी टेबलावर आपटली. माझा राग खरा होता, पण पाणी मात्र मी आधीच तापत ठेवलं होतं. अक्काताईंनी बादलीतून निघणारी वाफ पाहिली आणि न विचारता बेसिनजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. इचलकरंजीतल्या एका होमिओपॅथी कॉलेजात मी मेंदूचा आलेख काढायच्या यंत्रावर कामाला होते. माझं मूळ गाव रत्नागिरीकडचं. लग्न दीड वर्ष टिकलं, त्यानंतर माहेरी राहणं जमेना, आणि लांबची नोकरी मिळाली तशी मी घाट चढून आले. वय एकोणतीस. ओळखीचं कुणी नाही, आणि ओळखी करून घ्यायचा माझा स्वभावही नाही. मला नियम आवडतात. नियमांत राहिलं की माणसं फार जवळ येत नाहीत.

आमच्या कॉलेजात तेव्हा एक अभ्यास चालू होता. वर्षानुवर्षं अंग दुखतंय पण तपासणीत काही सापडत नाही, अशी चाळीस माणसं डॉक्टर उपाध्ये यांनी निवडली होती. त्यांतल्या निम्म्यांना होमिओपॅथीचं औषध, निम्म्यांना नुसत्या साखरेच्या साध्या गोळ्या. कुणाला काय मिळतंय हे त्या माणसांना ठाऊक नाही, डॉक्टरांना नाही आणि मलाही नाही. ते गुपित पुण्याच्या एका सल्लागारांकडे पाकिटात बंद होतं. दर पंधरवड्याला प्रत्येकानं माझ्याकडे यायचं. मी डोक्याला एकवीस तारा चिकटवायच्या, यंत्राच्या लेखण्या कागदावर रेघा ओढायला लागायच्या, आणि मधेच त्या माणसाला त्याच्या नंबरची बाटली हुंगायला द्यायची. औषधानं मेंदूच्या रेघांत फरक पडतो का, ते डॉक्टरांना बघायचं होतं.

आता तेलाचं असं की, तेलकट डोक्यावर तारा धरत नाहीत. लेप घसरतो, लेखणी वेडीवाकडी पळते, तासाभराचं काम फुकट जातं. म्हणून मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी छापील चिठ्ठी द्यायची. आदल्या दिवशी डोकं धुवा, तेल लावून येऊ नका. एकोणचाळीस माणसं ती पाळायची.

अक्काताई चाळिसाव्या. यादीत त्यांचा नंबर तेवीस होता.

त्यांचं वय तेव्हा अठ्ठावन्न. मागांसाठी कांड्या भरण्यात तीस वर्षं गेलेली. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची सुताची गुंडाळी, दिवसाला शेकड्यांनी भरायची. नवरा चौदा वर्षांपूर्वी वारलेला. मुलगा जयपाल पुण्याला एका कंपनीत. मान, खांदे, पाठ, गुडघे, सगळं दुखायचं आणि कुठल्याच फोटोत काही यायचं नाही.

पहिल्या खेपेला आल्या तेव्हा त्यांच्या केसांची अवस्था फार वाईट होती. अंबाडा नव्हताच तो, गुंत्याचा गोळा होता. तारा लावायला जागाच सापडेना. डोकं धुतल्याशिवाय इलाज नव्हता आणि परत पाठवलं असतं तर अभ्यासाचा पहिलाच आलेख चुकला असता. मी पाणी तापवलं, त्यांची मान बेसिनवर टेकवली आणि तासभर तो गुंता सोडवत बसले. सगळा वेळ तोंडानं कुरकुरत होते. अक्काताई डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं, ओशाळल्या असतील.

त्यानंतर केस स्वच्छ होते, पण दर खेपेला तेल. तेही वेड्यासारखं. चोळलेलं नाही, जिरवलेलं नाही, केसांची टोकं कोरडी ठणठणीत आणि टाळूवर मात्र तळं. घरी बसून तेल लावणारी बाई असं लावत नाही. हे माझ्या लक्षात आलं होतं. त्याचा विचार मात्र मी केला नाही.

"पाणी पोळतंय का?"

"न्हाई. ग्वाड लागतंय."

माझ्या खोलीच्या भिंतीवर डॉक्टरांनी एक पुठ्ठा टांगला होता. त्यावर मी काय बोलायचं ते लिहिलं होतं. बसा. डोळे मिटा. जबडा सैल सोडा. बाटलीचा वास घ्या. झालं, उठा. एवढंच. माझ्या बोलण्यानं कुणाला बरं वाटलं तर ते औषधाच्या खात्यावर जाईल, म्हणून ही काळजी. त्याखाली लाल शाईत होतं, गरजेपेक्षा जास्त स्पर्श करू नये. मला तो पुठ्ठा फार पसंत होता. पाच वाक्यांत दिवस निभायचा.

अक्काताईंच्या बाबतीत मी तो मोडत होते. आधी एखाद्या शब्दानं, मग अख्ख्या वाक्यानं.

"बाई, तुमी कुनाच्यात असतासा?"

"एकटी असते."

"जेवाय?"

"एकटीचं करून जेवते."

"मग डोकं दुखलं तर?"

"माझं डोकं दुखत नाही."

"दुखंल की," त्या म्हणाल्या, कुणी पाहुणा येणार असल्यासारखं अगदी सहज. "तवा काय करनार?"

मी बोटांनी त्यांच्या कानामागची जागा चोळत राहिले. तिथं तेल नव्हतं.

केस पुसून झाले की मी तारा लावायची आणि यंत्र सुरू करायची. पहिल्या दिवशीचा त्यांचा कागद मला अजून आठवतो. कपाळ आणि जबडा माणसानं आवळून धरला की लेखण्या थरथरतात आणि रेघांच्या जागी काळा चिखल होतो. त्यांचा पहिला कागद तसाच होता. पाचव्या खेपेपर्यंत तो निवळत आला. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागातून शांत, सारख्या लाटा येतात, तशा त्यांच्या येऊ लागल्या. एकदा तर बाटलीचा वास घ्यायच्या आधीच त्यांना झोप लागली.

प्रत्येक वेळी तारा काढताना त्या एकच विचारायच्या.

"दिसली का वो आज?"

"काय?"

"कळ."

"मला सांगता येत नाही."

"येत न्हाई का सांगायचं न्हाई?"

"दोन्ही."

"जयपाल म्हनतो, आई, रिपोर्टात काय न्हाई म्हंजे काय न्हाई. ह्या कागदात आली तर एक तुकडा द्या मला. पाठवून देतो त्येला." आमच्याकडच्या बायका 'पाठवते' म्हणतात, तिकडच्या 'पाठवतो'. मला आधी ते खटकायचं, मग कानाला गोड लागायला लागलं. "खोटं न्हाई एवढं त्येला कळलं तरी बास. मग दुखंना का."

कागद द्यायची परवानगी नव्हती. आणि खरं तर त्या रेघांत कळ अशी वेगळी दिसतच नाही. चाळीस माणसांपैकी कुणाचीच दिसत नव्हती. हे मला त्यांना सांगवलं नाही.

पण त्या सुधारत होत्या, हे डॉक्टर उपाध्यांच्याही नजरेतून सुटलं नाही. पंचावन्नचे गृहस्थ, पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन्सिल. औषधावर त्यांची श्रद्धा होती, पण माणूस सरळ. निकाल मनासारखा आला नाही तरी तो निकालच, असं ते पहिल्या दिवसापासून म्हणत आले होते. एकेका माणसाला ते दोन दोन तास प्रश्न विचारायचे. थंडी सोसते का, आंबट आवडतं का, कुठल्या कुशीवर झोपता, दुखणं कशानं वाढतं, कशानं कमी होतं. ते सगळं केसपेपरात लिहायचे. तो केसपेपर मी बघायचा नाही, हाही नियम होता.

"तेवीस नंबर जिना कठडा न धरता चढली आज," ते एकदा माझ्या खोलीत येऊन म्हणाले. "पाहिलंत का, आंबेकर बाई?"

"पाहिलं."

"मी काही बोलणं बरोबर नाही. पाकीट उघडेपर्यंत काही बोलू नये." पण ते हसत होते.

दसऱ्यानंतर पुण्याहून पत्र आलं. सल्लागारांना वेळेच्या नोंदीत काही खटकलं होतं. प्रत्येक माणूस माझ्या खोलीत पाऊण तास असतो, नंबर तेवीस तासाच्या वर का? डॉक्टरांनी मला बोलावून विचारलं.

"डोक्याला तेल असतं. धुवावं लागतं."

"दर खेपेला?"

"दर खेपेला."

"नोंदवहीत ते कुठं दिसत नाही."

नोंदवहीत 'विशेष' नावाचा एक रकाना होता. बाकीच्यांच्या बाबतीत मी तिथं सर्दीसुद्धा लिहायची. अक्काताईंचा रकाना सहाही वेळा कोरा होता. का ठेवला, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगते. लिहिलं असतं तर ते बंद झालं असतं. पंधरा दिवस माझ्या हाताला यंत्र आणि तारा सोडून काही लागत नसे. त्या मंगळवारची मी वाट पाहत असे.

"आंबेकर बाई," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "चाळीस जणांत एकीचंच डोकं आपण धुतोय. पुढच्या वेळेपासून तेल लावून आल्या तर परत पाठवा. नाइलाज आहे. नाहीतर मला त्यांचं नाव काढावं लागेल."

मला शरम वाटली, आणि शरम वाटली की मी कडक होते. हा माझा जुना दोष आहे. त्या संध्याकाळी मी नवी चिठ्ठी लिहिली, मोठ्या अक्षरात, आणि अक्काताईंच्या घरी पोस्टानं पाठवली. तेल लावून आल्यास परत पाठवले जाईल.

पुढच्या मंगळवारी मी पाणी तापत ठेवलं नाही.

अकराला त्या आल्या. टाळूवर तेलाचं तळं होतं.

"चिठ्ठी मिळाली नाही का?"

"मिळाली."

"वाचलीत?"

"शेजारच्या पोरीनं वाचून दाखीवली."

"मग?"

त्या बेसिनकडे बघत होत्या. तिथं बादली नव्हती. "वीस मिन्टं तर लागत्यात बाई."

"तोच तर प्रश्न आहे. बाकी कुणाला ही वीस मिनिटं मिळत नाहीत. तुम्हाला एकटीला कशी द्यायची? अभ्यास आहे हा, न्हाणीघर नाही."

हे वाक्य मी बोलले. शब्दशः हेच. त्याआधी आणि त्यानंतर मी बरीच कडू वाक्यं बोलले असेन, पण ती विसरले.

अक्काताईंचा चेहरा फारसा बदलला नाही. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, तो लगेच तेलानं ओला झाला.

"बरं," त्या म्हणाल्या. "येतो."

जिन्यावरून त्यांची पावलं ऐकू येत होती. एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी. मी खिडकीशी गेले नाही. रकान्यात लिहिलं, तेल लावून आल्यामुळे परत पाठवले.

दुपारी जेवायला खाली उतरताना जिन्याच्या वळणावर खिडकीच्या कट्ट्यावर एक छोटी काचेची बाटली दिसली. आमच्याच अभ्यासाची, गोळ्यांची. वर माझ्या हस्ताक्षरात तेवीस. उचलली तर हात बुळबुळीत झाला. गोळ्या संपलेल्या बाटलीत खोबरेल तेल भरून आणलं होतं आणि तळाशी अजून थेंबभर शिल्लक होतं.

म्हणजे सवय नव्हती. घरून तेल लावून त्या येतच नव्हत्या. कॉलेजाच्या जिन्यात उभ्या राहून टाळूवर ओतून घ्यायच्या आणि वर येऊन 'चुकलं बाई' म्हणायच्या. मला इतका राग आला की जेवण गेलं नाही. ही बाई सहा खेपा मला फसवत होती, एवढंच मला त्यातून कळलं. बाटली पुरावा म्हणून मी खणात टाकली.

पुढच्या खेपेला अक्काताई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. दोनदा गैरहजर राहिलं की नाव कमी करायचं, असा नियम होता. मीच ते केलं.

थंडीत मंगळवार सकाळी अकरा ते बारा मला मोकळे असत. यंत्राच्या लेखण्या धुवायच्या, शाई भरायची, कागदाच्या घड्या लावायच्या. एकदा मी पाणी तापत ठेवलं आणि कशाला ठेवलं ते आठवेना. शेवटी त्यात खोलीतले टॉवेल भिजवले.

फेब्रुवारीत पुण्याहून पाकीट आलं. डॉक्टरांनी मला समोर बसवलं. एकेका नंबराचा केसपेपर मी काढून द्यायचा, ते यादीत बघून त्यावर 'औषध' किंवा 'साध्या गोळ्या' लिहायचे. मधे नाव कमी झालेल्यांचेही लिहायचे होते. बाविसापर्यंत ते शांतपणे लिहीत गेले.

"तेवीस." त्यांनी यादीवर पेन्सिल ठेवली आणि बराच वेळ ती हलवली नाही. "साध्या गोळ्या."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मला त्या माणसाची कीव आली. सबंध अभ्यासात त्यांनी एका माणसावर मनातल्या मनात पैज लावली होती.

"मग हिला बरं कशानं वाटत होतं?" ते मला विचारत नव्हते, तरी मला विचारल्यासारखं वाटलं.

चोवीसचा कागद काढायचा सोडून मी तेविसाचा उघडला. आता मनाई नव्हती. चौदा पानं होती, डॉक्टरांच्या बारीक अक्षरात. नववं पान असं होतं:

दुखणे वाढते: थंडीने. पहाटे. मुलाचा फोन येऊन गेल्यावर. 'तुम्हाला काही झालेले नाही' असे कुणी म्हटल्यास.

दुखणे कमी होते: उबेने. डोक्यावरून कुणी हात फिरवल्यास. पती रोज रात्री डोक्याला तेल लावून देत. त्यांच्यामागे, चौदा वर्षे, तसे कुणी नाही. खांदे वर जात नसल्याने केस स्वतःला धुता येत नाहीत.

समासात लाल पेन्सिलीनं दोन औषधांची नावं होती, पल्सेटिला आणि फॉस्फरस. फॉस्फरसखाली दोन रेघा मारल्या होत्या.

मी ते पान डॉक्टरांपुढे सरकवलं. त्यांनी वाचलं, स्वतःचंच अक्षर पहिल्यांदा बघितल्यासारखं.

"मी विचारलं होतं," ते म्हणाले. "तिनं सांगितलंही होतं."

"हो."

"आणि मी त्यावरून औषध शोधत बसलो."

"मला तर आयतं हातात मिळालं होतं," मी म्हटलं, "आणि मी तिला जिना उतरायला लावला."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. कोरा रकाना, तापवलेलं पाणी, मोडलेला पुठ्ठा, खणातली बाटली, न्हाणीघराचं ते वाक्य. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. प्रश्न विचारून ऐकत बसायची त्यांना सवय होती. शेवटी म्हणाले, "उरलेले कागद मी बघतो. तुम्ही जा."

पत्ता चिठ्ठी पाठवताना लिहून घेतलेला होता. वाटेत मी शिकेकाई घेतली, एक नवा पंचा घेतला. बोलायचं काय ते मनात जुळवत होते आणि ते जुळत नव्हतं.

खाली मागांचा कारखाना आणि वर ओळीनं खोल्या. मागांच्या धडधडीनं जिन्याचा लोखंडी कठडा हाताखाली थरथरत होता. शेवटच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. मी कडी वाजवली.

"कोन?"

"मी. कॉलेजातली बाई."

आतून सरकत चालल्याचा आवाज आला. अक्काताई दारात आल्या. पदर खांद्यावर होता आणि डोक्यावर केस नव्हते. मुळापासून कापून टाकलेले. पांढरे खुंट वर आले होते, बोटभरसुद्धा नाहीत.

माझ्या हातात शिकेकाईची पुडी होती. ती मी पिशवीत ढकलली, पण त्यांनी पाहिली असावी.

"न्हाव्याला बोलीवलं," त्या म्हणाल्या. "गुंता हून खाजाय लागलं. कोन धुनार? म्हनून काढून टाकलं. गल्लीतल्या बायका इचारत्यात, अक्काताई, दीक्षा घिऊन साध्वी झालीस काय." त्या हसल्या. "या की आत. उभ्या का?"

मी आत गेले. एक खाट, एक स्टोव्ह, खिडकीत तुळशीचा डबा. मला बसायला सांगून त्या खाटेच्या कडेला टेकल्या, खांदे धरून, हळूहळू. कठडा न धरता जिना चढणारी ती बाई उरली नव्हती.

"एक सांगू का?" त्या म्हणाल्या. "आता बरं हुईल. तुमच्या तारा नीट बसतील. केसाची अडचन न्हाई, तेलाची न्हाई. वीस मिन्टं जायची न्हाईत तुमची." मग माझ्याकडे न बघता, "परत घेतासा काय मला?"

मी रडले. लग्न मोडलं तेव्हा मी रडले नव्हते, घाट चढताना नाही. त्या खोलीत रडले. खालचे माग चालू होते म्हणून आवाज कुठं गेला नाही. अक्काताई घाबरल्या नाहीत आणि समजूतही घालायला आल्या नाहीत. माझं होईपर्यंत बसून राहिल्या.

"अभ्यास संपला, अक्काताई," मी म्हटलं. "आणि मी तुम्हाला जे बोलले ते बोलायला नको होतं."

"मी बी खोटंच बोलत हुतो की. सवय, सवय म्हनून."

"कागदात कळ दिसत नाही. कुणाचीच दिसत नाही. हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"आसं." त्यांनी मान हलवली.

"पण ती आहे. मला ठाऊक आहे. जयपालला पत्र लिहायचं असेल तर मी लिहीन, माझ्या नावानं. तंत्रज्ञ म्हणून सही करीन."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, डोळे बारीक करून. "तुमास्नी पटतंय न्हवं?"

"हो."

"मग न्हाई लिवलं तरी चालंल."

मी पिशवीतून ती छोटी बाटली काढली. तेवीस नंबरची. ती मी दुपारी खणातून का उचलली होती, ते मलाही कळलं नव्हतं. तळाशी तेलाचा थेंब थंडीत गोठून पांढरा झाला होता. अक्काताईंनी ती ओळखली आणि पहिल्यांदाच ओशाळल्या.

"तेल आहे का घरात?" मी विचारलं.

"फळीवर हाय."

मी तेल वाटीत घेतलं, स्टोव्हवर कोमट केलं आणि त्यांच्या मागं खाटेवर बसले. शेकडो डोक्यांची मापं मी घेतली होती, पण एखाद्या डोक्याला तेल कधी लावलं नव्हतं. तळहाताला खुंट टोचत होते. मी टाळूपासून सुरुवात केली, मग कानामागं, मग मानेच्या खोलगट जागी. त्यांचा जबडा सैल सुटला, ते मला बोटांना कळलं. त्याला यंत्र लागत नाही.

वाटीतलं तेल संपलं तेव्हा बाहेर ऊन उतरलं होतं. मी पंच्यानं हात पुसले.

"आता पंधरा दिवसांनी?" अक्काताईंनी विचारलं. डोळे मिटलेलेच होते.

"रविवारी. अकराला."

"मंगळवारी न्हाई व्हय?"

"मंगळवारी मी कामावर असते. रविवारी मला सुट्टी असते."

त्यांनी ते मनात घोळवलं. खाली एक माग थांबला आणि परत सुरू झाला.

"मग तेल लावून बसू?"

"नको," मी म्हटलं. "मी लावीन."